जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय? इंजिन खोलायच्या आधी चाकं बघा

प्लग, एअर फिल्टर बदलूनही १६ चं ॲव्हरेज ११ वरच अडकलंय म्हणताय, माझ्या २००९ च्या हॅचबॅकचं अगदी असंच झालेलं. रोज म्हापसा-पणजी. गॅरेजवाल्याने इंजेक्टर साफ करून पैसे घेतले, फरक शून्य. मग एकदा पर्वरीला पेट्रोल भरायला उतरलो तर जळका वास, पुढच्या डाव्या रिमला हात लावला तर चटकाच बसला की, आणि उजवं नुसतं कोमट! कॅलिपरच्या (ब्रेकचा पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग) पिना गंजून जाम, पॅड सतत डिस्कला घासतोय. आपल्याकडची खारी हवा नि चार महिने पाऊस, त्यात गाडी उभी राहिली की हे व्हायचंच. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा, साधं नको. तुम्ही हात नुसता जवळ न्या हां, किंवा जॅकवर चढवून चाक हाताने फिरवून बघा, अडकतंय का ते.

तेही ठीक निघालं तर टेंपरेचरचा काटा बघा, नेहमीपेक्षा खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल, मग इंजिन थंडच आहे समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडतो. हवेचं प्रेशर बघितलंच असेल. आणि मोजताना टाकी फुल टू फुल, तोच पंप.