उद्घाटनाला चित्रं किती बघता आणि माणसं किती?

काल बेळगावात टिळकवाडीत एका चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेले होते. वेळ साडेपाचची, पाहुणे आले पावणेसातला. तोवर काय करणार, माणसं बघत बसले. समईची वात पेटेना म्हणून पंखे बंद केले, ते भाषणं संपेपर्यंत लावायचं कुणाला सुचलं नाही. पुढच्या रांगेतले काका निमंत्रणपत्रिकेनं वारा घेत होते, कधी कन्नड बाजूनं, कधी मराठी. फीत कापल्यावर निम्मी गर्दी चित्रांकडे न जाता चहाच्या टेबलाकडे वळली. मीपण. खोटं कशाला बोला!

तुम्हीही असलं बघितलं असणारच. लिहा की. खानापूर, निपाणी, गोकाक, कुठलंही चालेल. फक्त नावं घालू नका, आपल्याकडं सगळे एकमेकांचे पाव्हणे निघतात.

वडगावची सून
आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, चाळीस वर्षं मागावर बसलेल्या. त्यांना घेऊन गेलो होतो. (होय, मी बाईच. आमच्याकडं बायकापण 'गेलो'च म्हणतात, पुण्याच्या वहिनींनी हसू नये.) एका तैलचित्रात इरकल नेसलेली म्हातारी होती. जो तो तिच्या सुरकुत्यांचं कौतुक करत होता. आत्ती मात्र पदरासमोर उभ्या, हलायला तयार नाहीत. "चला की आत्ती, पुढची बघूया," म्हटलं, तर म्हणाल्या, "थांब गं, हेनं जोड घातलाच नाही बघ."

इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती आणि पदराचा रेशमी असतो. दोन्ही ताण्यांचे धागे एकमेकांत फास घालून अडकवतात. त्यामुळं काळं जिथं संपतं तिथं लाल एकदम चालू होतं, पट्टी लावून रेघ मारल्यासारखं. चित्रात काळ्यातून लाल हळूहळू उगवत आणलं होतं, संध्याकाळच्या आभाळासारखं. दिसायला सुंदर, पण तसली साडी मागावर निघत नाही.

शेजारी झब्बा घातलेला एक पोरगा उभा होता. "कुठं, काकू?" म्हणाला. आत्ती बोट लावणारच होत्या, मी हात धरला. तो पाठीमागं हात बांधून बघत राहिला. आम्ही चहा पिऊन आलो तरी तिथंच. मग कळलं, चित्र त्याचंच.

फ्रेमवाला
मी चित्र बघतच नाही, कोपरे बघतो. ४५ अंशाचा काप नीट जुळला नसला तर पुढचं काही डोळ्यांत शिरत नाही. सवय, दुसरं काय. पण गिऱ्हाईक बघायला मजा येते. एक जोडपं, नवरा वितीनं हवेतच माप घेतोय, सोफ्याच्या वर बसतंय का म्हणून. "चलो ऐति री, चलो ऐति," असं कन्नडात दोनदा म्हणाला, म्हणजे छान आहे हो. किंमत कळल्यावर बायकोकडं वळून, "काचेसकट असेल काय गं?"

रामतीर्थनगर
कमल बस्तीचं, म्हणजे आपल्या किल्ल्यातल्या जैन मंदिराचं, जलरंगातलं चित्र होतं. त्याच्यासमोर एक काका ठाण मांडून. येईल त्याला सांगायचे, "१२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. छतावरच्या कमळाला ७२ पाकळ्या." समोरचा मराठी की कन्नड हे तोंड उघडायच्या आधीच ओळखायचे, आणि एकदाही चुकले नाहीत. चित्र बाहेरच्या बाजूचं होतं, छताचा पत्ताच नव्हता.

खानापूरकर
मी नुसता कुंदा खायला जातो.

जुना विद्यार्थी
वरेरकर नाट्य संघात चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या नावाचं कलादालन आहे. चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. आम्ही चित्रकला शिकत होतो तेव्हा तिथं जाऊन जुन्या मंडळींनाच बघत बसायचो. चित्रापासून तीन पावलं मागं, एक डोळा बारीक, मान तिरकी. तैलरंगाचं चित्र लांबून जुळतं, जवळ गेलं की नुसते फटकारे, म्हणून ते मागं सरकणं. आम्ही खोलीवर येऊन त्यांची नक्कल करायचो. एकदा असेच एक सर मागं सरकता सरकता एका बाईंच्या चहावर गेले. बाई काही बोलायच्या आत सर म्हणाले, "इथनं बरोबर दिसतंय, या." आणि त्या खरंच शेजारी उभ्या राहून बघायला लागल्या, रिकामा कप हातात धरून. आता माझीही मान तिरकी होते, घरातले हसतात.

धागाकर्ती
वडगावच्या वहिनी, त्या पोराचं पुढं काय झालं? सांगा की.

वडगावची सून
अभिप्रायाची वही आत्तींच्या पुढं केली, तर म्हणाल्या, "माझं लिहिणं ऱ्हाऊ दे. त्याला घरला यायला सांग, माग दाखवतो." रविवारी आला की. दोन तास बसला. चित्रबित्र काही काढलं नाही, आत्तींनी त्याच्याकडनं मागाच्या धाग्याच्या कांड्या भरून घेतल्या.