आईच्या गुडघ्यांसाठी सीबीडी क्रीम: कोणतं घ्यावं, आणि पुण्याला नेता येईल का?

रानजाई

नमस्कार मंडळी. आई (वय ७१) एप्रिलपासून आमच्याकडे एडिसनला आहे. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं, "बदलावा लागेल, पण घाई नाही." आईने त्यातलं "घाई नाही" तेवढं लक्षात ठेवलंय.

मागच्या महिन्यात देवळात एका काकूंनी पर्समधून सीबीडी (गांजाच्या झाडातलं, नशा न आणणारं द्रव्य) क्रीमची डबी काढली आणि तिथेच सतरंजीवर बसून आईच्या गुडघ्याला चोळली. घरी आल्यावर आई कठड्याला हात न लावता जिना चढली. तेव्हापासून रोज "त्या गांजाच्या मलमाचं काय झालं?" चालू आहे, तेही फोनवर मावशीशी बोलताना, मोठ्याने.

दुकानात गेले तर डोकं गरगरलं. ५०० मिलिग्रॅम, १०००, ३०००. फुल स्पेक्ट्रम, ब्रॉड स्पेक्ट्रम, आयसोलेट. तीस डॉलरपासून ऐंशीपर्यंत. कोणी वापरलंय का? कोणतं घेऊ? आणि नोव्हेंबरअखेर आई दुबईमार्गे परत जातेय, तिला पाच-सहा डब्या न्यायच्या आहेत. चालेल ना?

खडीसाखर

वाचतेय. माझेही गुडघे कुरकुरतात, त्यामुळे स्वार्थ आहे.

गोळीवाला

रानजाई, मी कोलंबसला फार्मसिस्ट आहे, चौदा वर्षं झाली. ब्रँड सांगत नाही, त्याऐवजी एक काम सांगतो. काकूंच्या डबीचा मागच्या बाजूचा फोटो मागवा. "ड्रग फॅक्ट्स" नावाचा चौकोन असेल, त्यात "अ‍ॅक्टिव्ह इन्ग्रेडियंट" समोर काय लिहिलंय ते बघा. माझ्या दुकानातल्या बऱ्याच सीबीडी रोल-ऑन आणि क्रीमवर तिथे मेंथॉल असतं, कधी कापूर. सीबीडीचं नाव सापडतं खाली, "इनअ‍ॅक्टिव्ह"च्या यादीत, कोरफड आणि ग्लिसरीनच्या रांगेत. म्हणजे दुखणं थांबवण्याचा दावा कागदोपत्री मेंथॉलच्या जिवावर, आणि डबीवर मोठ्या अक्षरात पान छापलेलं हेंपचं, म्हणजे नशा जवळजवळ नसलेल्या गांजाच्या जातीचं. एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) यावरून कंपन्यांना इशारापत्रंही धाडली आहेत.

मेंथॉल खोटं नाही. थंडावा ओळखणाऱ्या ज्या नसा असतात त्यांना ते चेतवतं, मेंदूला गार वाटतं आणि दुखणं थोडं मागे पडतं. पण त्यासाठी ऐंशी डॉलर कशाला?

आता सीबीडीबद्दल. एफडीएने सीबीडीचं मान्य केलेलं औषध एकच, एपिडिओलेक्स, २०१८ साली, तेही अपस्माराच्या दुर्मिळ प्रकारांसाठी आणि पोटात घ्यायचं. सांधेदुखीवर लावायचं एकही मान्य औषध नाही. हा पदार्थ तेलात विरघळणारा, त्यामुळे कातडीच्या वरच्या थरातच बराचसा अडकून बसतो. गुडघ्याच्या सांध्यापर्यंत किती पोचतो हाच खरा प्रश्न आहे. पोटातून दिल्यावरसुद्धा डेन्मार्कमध्ये हाताच्या संधिवातावर (२०२१) आणि व्हिएन्नात गुडघ्यांवर (२०२३, दिवसाला ६०० मिलिग्रॅम!) बनावट गोळीपेक्षा जास्त फरक दिसला नाही.

आणि त्या आकड्यांचं म्हणाल तर, जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दुकानातून आणि ऑनलाइन घेतलेली १०५ लावायची उत्पादनं तपासली, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. सीबीडीचा आकडा छापलेल्या ८९ पैकी फक्त २१ मध्ये तो बरोबर होता. ३७ मध्ये टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) सापडलं, कायद्याच्या मर्यादेत असलं तरी. त्यातल्या काहींवर "टीएचसी फ्री" लिहिलेलं होतं.

घ्यायचंच असेल तर डबीवर बॅच नंबर आणि क्यूआर कोड हवा, कोड उघडल्यावर त्याच बॅचचा बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल दिसायला हवा. तारीख बघा. कंपनीच्या मुख्य पानावर नेणारा कोड असेल तर डबी परत फडताळात ठेवा.

पण त्याआधी, आईंना कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत?

देइरा_ते_दादर

बाकी चर्चा नंतर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नेऊ नका. मी दुबईत एकोणीस वर्षं आहे. अमेरिकेत हेंपमध्ये ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसी चालतं, तिथल्या विमानतळावर कोणी विचारणार नाही. इथे सीबीडीचं तेल काय, क्रीम काय, अमली पदार्थांच्या कायद्यात मोडतं. २०२१च्या कायद्याने पहिल्यांदा सापडणाऱ्याला थोडी सवलत दिली, पण माल जप्त होणारच आणि चौकशी व्हायची ती होणारच. "आम्ही फक्त विमान बदलतोय" हे सांगायला तुमच्या आई एकट्या असतील, व्हीलचेअरवर, आणि डबीवर हिरवं पान छापलेलं असेल. डोळ्यासमोर आणा.

सिंगापूरमार्गे न्यावं म्हणाल तर तेही नाही. हाँगकाँगनेही १ फेब्रुवारी २०२३ पासून बंदी घातली आहे.

धावरा

ठाण्याचा आहे, वय ४६, मॅरेथॉन धावतो (धापा टाकत). मित्राने कॅनडाहून सीबीडीची ट्यूब आणली होती, आणायला नको होती हे आता वरचं वाचून कळलं. पोटरीला तीन आठवडे लावली. बरं वाटायचं. मग ट्यूब संपली आणि मी सवयीने त्याच वेळी, त्याच खुर्चीत बसून खोबरेल तेल चोळायला लागलो. तेव्हाही बरं वाटायचं. माझा निष्कर्ष असा की एरवी मी स्वतःच्या पायाला दिवसातून दहा मिनिटं कधीच देत नव्हतो.

खेळाडू कोणी वाचत असतील तर: वाडाने (खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणारी जागतिक संस्था) २०१८ पासून सीबीडी बंदीच्या यादीतून काढलंय, पण टीएचसी आणि बाकीची भावंडं स्पर्धेच्या काळात बंदच आहेत. गोळीवाल्यांचा तो "३७ मध्ये टीएचसी" आकडा म्हणून महत्त्वाचा.

रानजाई, तुमच्या आईंसाठी फिजिओने माझ्या आईला दिलेला व्यायाम सांगतो. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा. मालिकेच्या जाहिरातींत होऊन जातं. दुसरं, घरात उंच खुर्ची आणि कमोडवर बसवायची ती चार इंचांची उंच सीट. आमच्याकडे मलमांवर झालेल्या सगळ्या खर्चापेक्षा त्या सीटने जास्त आराम दिला.

रानजाई

गोळीवाले, तुम्ही बरोबर निघालात आणि मला थोडं लाजल्यासारखं झालंय. काकूंच्या डबीवर ठळक: मेंथॉल. सीबीडी खाली, शिया बटरच्या शेजारी. आईला वास दिला तर म्हणाली, "हा तर आपल्या बामाचाच वास, तेव्हाही वाटलंच होतं मला."

गोळ्या: बीपीची एक, थायरॉइडची एक, आणि हृदयाची झडप बदलली आहे म्हणून रक्त पातळ करणारी वॉरफरिन, आठ वर्षं. हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं.

गोळीवाला

हो, हे आधी हवं होतं. :)

दोन गोष्टी. सीबीडी पोटात घेतलं तर वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो, म्हणून थेंब, गमी, कॅप्सूल यांचं नावही काढू नका. लावायच्या क्रीमचा धोका त्या मानाने फार कमी.

मला जास्त काळजी भारतातून आलेल्या बामाची आहे. आई रोज काय लावतात ते बघा, ट्यूब उलटी करा आणि "मिथाइल सॅलिसिलेट" शोधा. तोच तो विंटरग्रीनचा वास. ते कातडीतून रक्तात जातं, अ‍ॅस्पिरिनचा भाऊ आहे, आणि वॉरफरिनवाल्यांनी ते भरपूर, रोज, मोठ्या भागावर चोळलं तर रक्त जास्त पातळ होतं. घराघरात हे "बाहेरून लावायचं, काय होतंय" म्हणून सोडून देतात.

रानजाई

हात थरथरतायत. आईच्या उशाशी दोन ट्यूब, दोन्हीवर मिथाइल सॅलिसिलेट. रात्री दोन्ही गुडघे आणि कंबर, वरून पट्टा. ऑगस्टमध्ये आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी चाचणी) ४.१ आला होता, म्हणजे जास्तच. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही खाल्लं का? आई म्हणाली, नाही. खाल्लं नव्हतंच. चोळलं होतं.

गोळीवाला

तेच कारण होतं असं मी इथून म्हणणार नाही. पण उद्या सकाळी त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टला दोन्ही ट्यूबचे फोटो पाठवा, आयएनआर लवकर करून घ्या, आणि तोवर ते बाम बंद. त्याच फोनवर डायक्लोफिनॅक जेलबद्दलही विचारा. २०२० पासून अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळतं आणि गुडघ्याच्या झिजेवर लावायच्या औषधांत पुरावा सर्वात भक्कम याचाच. एका गुडघ्यावर लावलं तर रक्तात गोळीच्या साधारण ६ टक्केच पोचतं. तरी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही, खोक्यावरही तसंच लिहिलंय.

पाटलीण_डेन्व्हर

सगळे मिळून सीबीडीला झोडताय म्हणून लिहिते. माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे. बरणीचं झाकण उघडता येत नाही, पोळ्या लाटताना लाटणं तळहाताने ढकलते. मेंथॉल नसलेलं, नुसतं सीबीडी आणि शिया बटर असलेलं मलम वर्षभर वापरतेय. सकाळी लावलं की अकरापर्यंत भाजी चिरता येते. नाही लावलं तर नाही येत. आता याला मनाचा खेळ म्हणा, माझी मेथी निवडून होते.

गोळीवाला

पाटलीणताई, झोडत नाही. उलट अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर शिया बटरमधलं सीबीडी दिवसातून दोनदा लावून केलेला एक छोटा प्रयोग झालाय आणि त्यात फायदा दिसला. जेमतेम अठरा जण होते, दोन आठवडे. पण तो सांधा कातडीच्या लगेच खाली आहे. गुडघा खोल. तुमचं मलम तुम्हाला मानवतं, अंगावर पुरळ नाही, अहवाल नीट आहे, तर चालू ठेवा की.

वैद्य_नाशिककर

उशिरा आले. पुण्यात गेल्यावर काय, हा प्रश्न राहिलाच, म्हणून.

आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस कायद्यात चरस आणि गांजा, म्हणजे राळ आणि फुलोरा, येतात. नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत. त्या फटीतून आयुर्वेदातली "विजया" चालते: पानांचा अर्क, आयुषचा परवाना असलेला कारखाना, वैद्याची चिठ्ठी. भांग आमच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, शेड्यूल ई-१ मध्ये आहे, त्यामुळे कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर "हर्बल आहे, काही होत नाही" म्हणून विकत असेल तर त्याला हे विचारा. अमेरिकेतलं सीबीडी मुख्यतः फुलांतून काढलेलं असतं, कस्टम्सच्या टेबलावर ही बारीक चर्चा करायची वेळ येऊ देऊ नका.

आणखी एक फसगत. "हेंप सीड ऑइल" म्हणून जे मिळतं त्यात सीबीडी नसल्यात जमा. एफएसएसएआयने (भारताची अन्न नियामक संस्था) २०२१ मध्ये हेंपच्या बिया आणि त्यांचं तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं, म्हणून ते किराणा दुकानात दिसतं. डोक्याला, गुडघ्याला चोळा, सॅलडवर घाला, पण सीबीडीचे पैसे देऊ नका.

आईंना मी निर्गुंडी तेल कोमट करून, हलक्या हाताने आणि मग शेक, एवढंच सांगितलं असतं. डबीवर घटक वाचून. आमच्या तेलांतही हल्ली विंटरग्रीन घालतात, वास छान येतो म्हणून. वॉरफरिनवर पोटातून कसलाही काढा, गुग्गुळ, हळदीची कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता नको. हे मी वैद्य असून सांगतेय.

खडीसाखर

मी आत्ता उठून घरातल्या सगळ्या ट्यूब उलट्या केल्या. पाच निघाल्या. दोन २०१९च्या.

रानजाई

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, उशिराबद्दल माफी.

बाम बंद केले. आयएनआर आता २.९. कार्डिऑलॉजिस्टने जेलला परवानगी दिली, फक्त उजव्या गुडघ्याला, खोक्यातल्या पट्टीवर मोजून, आणि आठवड्याने परत रक्त तपासून. टॉवेलची गुंडाळी चालू आहे, आई मोजताना पाचऐवजी सातपर्यंत जाते कारण मालिकेत लक्ष असतं. उंच सीट आणली, पहिले दोन दिवस "मी काय आजारी आहे का" झालं, आता पाहुण्यांना दाखवते.

धावरा, तुमचं वाचून मी एक प्रयोगही केला. पाटलीणताईंसारखं मेंथॉलविरहित सीबीडी मलम एका डबीत, नुसतं शिया बटर तशाच दुसऱ्या डबीत. जेल सुरू व्हायच्या आधीचा आठवडा, डाव्याला एक, उजव्याला एक. डब्यांवर "डा" आणि "उ" लिहिलं. चौथ्या दिवशी विचारलं, कोणता बरा? आई म्हणाली दोन्ही बरे आहेत, जी डबी हाताला लागते ती दोन्हीकडे लावते, उगाच उठाबस कोण करणार. तर विज्ञान तिथेच संपलं.

काल बॅग भरताना तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात काकूंची ती पहिली डबी सापडली. रुमालात गुंडाळून, रबर लावून. "मावशीसाठी," म्हणाली. देइरा_ते_दादर, तुमचा प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा. डबी काढून ठेवली आहे.

खडीसाखर

मग ती डबी आता कोणाकडे? सहज विचारतेय.