मदत हवी आहे: हंगर गेम्सचं पुढचं कुठलं आधी वाचू?

मंडळी, सुझन कॉलिन्सचं 'द हंगर गेम्स' (२००८) मी इतकी वर्षं पोरांचं पुस्तक म्हणून टाळलं. भाचीने हातात कोंबलं म्हणून उघडलं, आणि रात्री ३ वाजता संपवूनच दिवा बंद केला.

मला मारामारीने नाही, चिठ्ठ्यांच्या हिशोबाने पकडलं. घरात एका माणसाला वर्षभर पुरेल एवढं (तेही जेमतेम) धान्य-तेल हवं, तर मरेपर्यंत लढायच्या खेळात कुठली मुलं जाणार हे ठरवणाऱ्या सोडतीत आपल्या नावाची एक चिठ्ठी वाढवायची. म्हणून १६ वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या २० चिठ्ठ्या, तिचा मित्र गेलच्या ४२ आणि तिची धाकटी बहीण प्रिमची फक्त एक. निघते नेमकी तीच! तिथेच मी गार.

आता अडचण अशी की 'कॅचिंग फायर' (२००९) आणि 'मॉकिंगजे' (२०१०) आहेतच, पण २०२० आणि २०२५ मध्ये आलेल्या दोन कादंबऱ्या त्याआधीच्या काळात घडतात. ज्यांनी सगळी वाचलीत त्यांनी सांगा ना, प्रकाशनाच्या क्रमाने जाऊ की कथेतल्या काळाच्या? आणि कॅटनिसचं 'पीटा (खेळातला तिचा जोडीदार) की गेल' हे प्रेमप्रकरण पुढे फार डोक्यावर बसतं का? मला त्यात गम्य नाही, कॅपिटॉलचं (म्हणजे हे खेळ लादणाऱ्या राजधानीचं) राजकारण हवंय.

शेवट मात्र फोडू नका. भाचीने अर्धा आधीच फोडलाय.