४६ की ९२? सेंट्रोमिअर मोजा

"एस फेजमध्ये डीएनए दुप्पट होतो, म्हणजे ४६ गुणसूत्रांची ९२ होतात ना? मग मिऑसिसनंतर २३ कशी उरतात?" असं वर विचारलंय. पहिल्या वर्षी मीही इथेच अडकलो होतो. (एस फेज म्हणजे विभाजनाआधी डीएनएची प्रत तयार होण्याचा टप्पा, आणि मिऑसिस म्हणजे प्रजनन पेशी तयार करणारं विभाजन.)

गुणसूत्रं मोजताना सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा चिमटलेला, जोडाचा भाग) मोजायचे, दांडे नाही. एस फेजनंतर डीएनए दुप्पट होतो, पण दोन्ही क्रोमॅटिड (गुणसूत्राच्या सारख्या प्रती) एकाच सेंट्रोमिअरपाशी जोडलेली असतात. म्हणून गुणसूत्रं ४६च, क्रोमॅटिड मात्र ९२. मिऑसिसच्या पहिल्या विभाजनात जोडीतली (एक आईकडचं, एक वडिलांकडचं) गुणसूत्रं वेगळी होतात, त्यामुळे प्रत्येक पेशीत २३ गुणसूत्रं आणि ४६ क्रोमॅटिड. संख्या निम्मी होते ती इथेच. दुसऱ्या विभाजनात फक्त क्रोमॅटिड सुटतात, अगदी मायटोसिससारखी (म्हणजे शरीराच्या साध्या पेशींच्या विभाजनासारखी), म्हणून २३ ची २३च राहतात.

आकृत्या पाठ करण्यापेक्षा दोन रंगांची लोकर घ्या आणि चार गुणसूत्रांची पेशी टेबलावर मांडून बघा. (घरच्यांचे टोमणे ऐकायची तयारी ठेवा.) प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाचं टोक असेल तर तिथे २एन (दोन्ही संच मिळून गुणसूत्रसंख्या) म्हणजे १६, आणि दिसणार ते मायटोसिस. तिथे जोड्या शोधत बसू नका. क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल) मिऑसिसच्या पहिल्या विभाजनाच्या सुरुवातीच्या अवस्थेत, म्हणजे प्रोफेज १ मधल्या पॅकिटीन टप्प्यात होतं, हे बहुतेकदा एका मार्काला विचारतात.