‘देवी काढल्या’ म्हणजे नेमकं काय केलं?

आजोबांची जुनी वही सापडलीये, बराचसा जमाखर्च आणि मधेमधे घरच्या नोंदी. एके ठिकाणी लिहिलंय, "बाळास देवी काढल्या. ताप नाही. धाकटीस पुढल्या खेपेस." मला आधी वाटलं देवघरातल्या देवी बाहेर काढल्या असतील, पण मग ताप कुठून आला? कुणाला हा वाक्प्रयोग माहितीये का?

प्रतिसाद १
ताई, देवी काढणे म्हणजे देवी या रोगाची (स्मॉलपॉक्सची) लस टोचणे. आमच्याकडची म्हातारी माणसं सरळ विचारायची, "पोराच्या देवी काढल्या का गं?" इथे काढणे म्हणजे काढून टाकणे नाही, अंगातून वर आणणे. लस टोचली की तीनचार दिवसांनी तिथे पुळी उठायची, मग ती पाण्याने भरायची, पिकायची, खपली धरायची आणि खपली पडली की जन्माचा वण. अंगभर येण्याआधी दंडावर मुद्दाम थोड्या आणून घ्यायच्या, म्हणून ‘काढल्या’. आणि वचन बघा, "तिला देवी आल्या" म्हटलं की रोग, "तिच्या अंगात देवी आली" म्हटलं की वारं. एकदा अनेकवचन, एकदा एकवचन, बोलणाऱ्याचा यात कधी घोटाळा होत नाही.

प्रतिसाद २
‘लस’ शब्द पण इथेच घ्या. जखमेतून पाण्यासारखं झिरपतं ती लस, आपण अजूनही म्हणतो की "लस येतेय". पूर्वी एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस घेऊन दुसऱ्याच्या दंडाला लावायचे, त्यामुळे तो शब्द अगदी शब्दशः खरा होता. मुंबईत १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचलं, भारतातली ती पहिली लस, आणि तिच्या दंडावरून ती पुढे पसरली. आता विचार करा, कुणाच्या तरी लेकराच्या अंगातलं पाणी आपल्या लेकराच्या अंगात, म्हणजे जातीचा विटाळ मानणाऱ्या समाजात केवढा प्रश्न! नुसता देवीचा कोप म्हणून लोक नाही म्हणत नव्हते, या विटाळापायी पण म्हणत होते. लसीच्या विरोधाबद्दल बोलताना आपण सगळं ‘अंधश्रद्धा’ या एका शब्दात कोंबतो, ते मला पटत नाही, त्यात अर्धी तर जात होती.

प्रतिसाद ३
पण रोगाला देवी म्हणणंच चूक नाही का? आयुर्वेदात मसूरिका असा चांगला शब्द होता. देवी म्हटलं की कोप आला, कोप आला की नवस आला, आणि डॉक्टर राहिला बाजूला. शब्दच बदलायला हवा होता.

प्रतिसाद १
तुमची तळमळ कळते, पण मला तसं वाटत नाही. माझ्या लहानपणी गावोगाव भिंतींवर गेरूने लिहिलेलं असायचं, "देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा". ‘मसूरिकेचा रोगी’ लिहिलं असतं तर कोण कळवणार होतं? ती भिंत वाचून पोरंसोरं सांगायला गेली कारण शब्द घरातला होता, आणि त्याच्या शेजारी ‘रोगी’ हा शब्द बसवला होता, सगळं काम त्या जोडीने केलं. १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला, ८ मे १९८० ला जगातूनच देवी गेल्याचं जाहीर झालं. माहीमला शीतलादेवीचं, म्हणजे या रोगाची मानलेल्या देवीचं, देऊळ आजही आहे, लोक श्रद्धेने जातात, आणि रोग मात्र नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, कुणाची देवी हिसकावून न घेता माणसं वाचवता आली.

फक्त एक. आमच्याकडे अजून कांजिण्यांनासुद्धा "देवी आल्यात" म्हणतात. कडुलिंबाचा पाला अंथरतात, घरात फोडणी देत नाहीत, आजाऱ्याजवळ गलका करत नाहीत, त्यात मला काही वावगं दिसत नाही, ती मायाच आहे. पण मोठ्या माणसाला ताप चढलाय, धाप लागलीये, आणि "देवीला औषध चालत नाही" म्हणून दवाखान्यात नेत नाहीत, तिथे मी तोंडावर म्हणतो, ह्या कांजिण्या आहेत, हा रोग आहे, चला. तिथे शब्द बदललाच पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आत्याला फोन केला, वहीतली ‘धाकटी’ म्हणजे तीच. म्हणाली, दंडावर दोन वण आहेत, रुपयाएवढे, टोचणारा माणूस आला की ती भुसाच्या पोत्यामागे लपायची आणि आजोबा हाताला धरून बाहेर आणायचे. आणि मग म्हणाली की बाळच्या आधी एक भाऊ होता, त्याला देवी आल्या होत्या. त्याचं नाव वहीत कुठेच नाहीये, मी पुन्हा पहिल्या पानापासून बघतेय.