मदत हवी आहे: रनिंग ग्रुपची शीट उघडत नाहीये, रविवारी लाँग रन आहे

पहाटधाव
नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपची शीट काल रात्रीपासून उघडत नाहीये. 'परवानगी मागा' एवढंच येतं, विनंती पाठवली तरी उत्तर नाही. रूट, पाण्याचे थांबे, कुठल्या पेसला (वेगाला) कोण पेसर (तो वेग धरून बाकीच्यांना सोबत नेणारा), सगळं त्यातच आहे. लवकर उपाय सांगा प्लीज.

डोंगरवाट
शीट गुगलची का? मालक कोण? आणि ती बंद फक्त तुम्हालाच आहे की सगळ्यांना?

सावकाश
शीटच्या भानगडीत पडूच नका. आमच्याकडे रूट आणि वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मेसेज पिन करतो. सगळ्यांना दिसतं, परवानगी लागत नाही.

मैलाचा दगड
@सावकाश, पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते. नंतर आलेला माणूस पुन्हा तेच विचारतो आणि कुणीतरी पुन्हा सगळं टाइप करत बसतं. शीटच बरी.

सावकाश
विचारू देत की! नवीन माणसाला उत्तर द्यायला मला आवडतं. त्यातूनच ओळख होते.

टाचदुखी
लाँग रनचं अंतर एकदम वाढवू नका. गुडघे धरले की महिनाभर घरी. आदल्या आठवड्यात किती पळालात?

पहाटधाव
अहो, अंतराचा प्रश्नच नाहीये. शीट गुगलचीच, कुणालाच उघडत नाही. एका ताईंनी त्यांच्या ऑफिसच्या खात्यावरून बनवली होती. त्यांनी नुकतीच नोकरी बदलली.

डोंगरवाट
हे आधी सांगायचं ना! तुमची विनंती त्यांच्या जुन्या ऑफिसच्या मेलवर जातेय, तो आता कोण बघणार? फोन करा, स्वतःकडे कॉपी उतरवून ठेवली आहे का विचारा. पेसरना थेट मेसेज टाका, आपला पेस त्यांना पाठ असतो. रूटसाठी शीट लागतच नाही. त्या रस्त्यावर जो कुणी जीपीएसचं घड्याळ लावून पळाला असेल, त्याच्या स्ट्राव्हावरून (धाव नोंदवायचं अ‍ॅप) जीपीएक्स फाइल, म्हणजे पळालेल्या रस्त्याची नोंद, निघते.

मैलाचा दगड
आणि नवी शीट ग्रुपच्या स्वतंत्र जीमेलवर करा, दोघातिघांना एडिटचा हक्क द्या. ताईंनी इतकं मन लावून फुकट केलेलं काम एका खात्याबरोबर बुडायला नको. लिंक सगळ्यांना खुली ठेवा, माहिती वाटण्यासाठीच असते.

रानवाटा
सगळी खुली नको! आमच्या शीटमध्ये ब्लड ग्रुप आणि घरच्यांचे नंबरही होते, ती लिंक कुठेकुठे फिरली. त्यात पहाटे पाचला कोण कुठल्या रस्त्यावर असणार हेही लिहिलेलं. आम्हा बायकांना याची काळजी वाटते. रूट खुला ठेवा, पण नंबर फक्त रन लीडरकडे. आणि प्रत्येकाने आपल्या बिबच्या (छातीवर लावायच्या नंबरपट्टीच्या) मागे घरचा नंबर लिहावा.

मैलाचा दगड
पटलं. नंबर वेगळ्या शीटमध्ये.

बिनघाई
थोडं अवांतर. पार्करन (बागेत सगळ्यांनी मिळून पळायचा उपक्रम) २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ धावपटूंवर सुरू झालं, आजही फुकट आहे आणि स्वयंसेवकच चालवतात. तिथे एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालतो, म्हणजे शेवटचा नंबर कुठल्याच सहभागी माणसाचा येत नाही. तुमच्या शीटमध्ये हा रकाना आहे का? नवीन माणूस मागे पडून एकटा राहिला की दुसऱ्या रविवारी येत नाही.

टाचदुखी
हो, आणि मागून येणाऱ्याकडे क्रेप बँडेज असू दे.

पहाटधाव
ताईंशी बोललो. पेसरची यादी त्यांच्या फोनमध्ये होती, पाठवली. जीपीएक्स एकाने दिली. नवं जीमेल खातं आजच करतो, @रानवाटा म्हणतात तसे नंबर वेगळे ठेवतो. मागून कोण येणार हा रकाना नव्हता, टाकतोय. जीपीएक्समध्ये पाण्याचे थांबे मात्र दिसत नाहीत.

डोंगरवाट
नुसत्या पळालेल्या ट्रॅकमध्ये ते येत नाहीत. मागच्या वेळी पाणी कुणी ठेवलं होतं? त्यांनाच विचारा, कितव्या किलोमीटरला, रस्त्याच्या कुठल्या बाजूला.