मोबाईल कव्हरसाठी एआयने चित्र करताना ओळखीची खूण, देवनागरी अक्षरे आणि छपाईचे माप कसे सांभाळावे?

पाऊलखूण (प्रश्न)

नमस्कार. धाकट्या बहिणीला तिच्या मांजरीचे चित्र असलेले मोबाईल कव्हर भेट द्यावे, असे माझ्या मनात आहे. मांजर तपकिरी पट्ट्यांची आहे आणि तिच्या डाव्या कानाच्या टोकाचा एक त्रिकोणी तुकडा कुठल्याशा जुन्या भांडणात गेलेला आहे. बहिणीच्या लेखी हीच तिची खरी ओळख असल्यामुळे कव्हरावरच्या चित्रात तो कान तसाच दिसायला हवा.

एआय साधनाला मी मांजरीचा समोरून काढलेला फोटो दिला आणि त्यावरून जलरंगातले चित्र मागितले. चित्र सुरेख येते. मात्र कान एक तर अखंड येतो, नाही तर तुकडा दुसऱ्याच कानाचा जातो. चित्राखाली ‘स्वच्छंदी’ हे तिचे नाव हवे आहे, तर त्याजागी देवनागरीसारखी दिसणारी परंतु वाचता न येणारी अक्षरे उमटतात. शिवाय मिळणारे चित्र 1024 बाय 1024 पिक्सेलचे, म्हणजे चौरस असते आणि कव्हर तर उभे, निमुळते. छपाई करणाऱ्यांनी ‘हाय रिझोल्यूशन फाइल द्या’ एवढेच सांगितले आहे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सुधारण्यासारखा एखादा नेमका प्रॉम्प्ट (साधनाला लिहून द्यायची सूचना) असतो का? की कामाची पद्धतच बदलायला हवी?

शाईवाला

पद्धतच बदलायला हवी, असे मी आग्रहाने सांगेन. तुम्ही चित्रापासून सुरुवात करून कव्हराकडे निघाला आहात. सुरुवात कव्हरापासून करा. छपाई करणाऱ्याकडून तुमच्या फोनच्या मॉडेलचे टेम्प्लेट, म्हणजे कव्हराच्या मापाचा आखलेला नमुना, मागून घ्या. त्यावर तीन रेषा असतात: छपाई जिथपर्यंत पसरते ती सर्वांत बाहेरची रेषा, प्रत्यक्ष कड कुठे येते ती मधली आणि महत्त्वाचा मजकूर जिच्या आत राहायला हवा ती सर्वांत आतली. कॅमेऱ्याची खाचही त्यावर आखलेली असते. हे टेम्प्लेट हाती नसताना केलेले चित्र कितीही देखणे असले, तरी ते नंतर कुठेतरी कापावेच लागते.

तुमच्या चौरस चित्राचे काय होते ते आकड्यांत पाहू. समजा फोनची पाठ साधारण 75 बाय 160 मिलिमीटरची आहे आणि बाजूंवर वळणारा भाग व छपाईची जादा कड धरून टेम्प्लेट 95 बाय 180 मिलिमीटरचे होते. चौरस चित्राची पूर्ण उंची वापरली, तर रुंदीतले जेमतेम 540 पिक्सेल कामी येतात आणि उरलेले जवळजवळ निम्मे चित्र वाया जाते. त्यातही 1024 पिक्सेल 180 मिलिमीटरवर पसरल्याने दर इंचाला सुमारे 144 पिक्सेलच पडतात. छपाईसाठी 300 मागण्याची रीत आहे. कव्हर हातात धरून अगदी जवळून पाहिले जाते, त्यामुळे 144 वर मिशांसारख्या बारीक रेघा मऊ पडलेल्या लगेच जाणवतात.

म्हणून चित्र मागतानाच 9:16 अशी उभी चौकट मागा. 180 मिलिमीटर उंचीला तिची रुंदी 101 मिलिमीटर होते, म्हणजे दोन्ही बाजूंनी फक्त तीन-तीन मिलिमीटर कापले जाते. चित्र पक्के झाल्यावर ते अपस्केल करा, म्हणजे त्याचे पिक्सेल वाढवून ते मोठे करा, आणि उंची 2100 पिक्सेलच्या आसपास आली की थांबा, कारण त्याहून मोठ्या चित्राचा या आकारावर उपयोग होत नाही. ‘हाय रिझोल्यूशन’ म्हणजे नेमके किती, हे तुम्हाला न सांगताच फाइल मागितली गेली, ही गोष्ट मला मुळीच पटलेली नाही; टेम्प्लेट मागताना मिलिमीटरमधले मापही हक्काने विचारा.

पैसे भरण्याआधी ते टेम्प्लेट चित्रासकट साध्या कागदावर शंभर टक्के आकारात छापा, कापून फोनच्या पाठीवर ठेवा आणि फोन नेहमीसारखा हातात धरून पाहा. बोटांखाली काय झाकले जाते आणि कॅमेरा नेमका कशावर येतो, हे पडद्यावर कधीच इतके स्पष्ट कळत नाही.

रेघोट्या

कानाविषयी लिहिते, कारण तुमच्या कामातला जीव तिथेच आहे.

कान चुकण्यामागे मला तीन कारणे दिसतात. पहिले म्हणजे या साधनांनी शिकताना पाहिलेल्या असंख्य मांजरींचे कान बहुतेक अखंडच असतात. त्यामुळे सूचना थोडी जरी सैल असली, तरी चित्र त्या सर्वसाधारण मांजरीकडे ओढले जाते. दुसरे कारण तांत्रिक आहे. स्टेबल डिफ्यूजनसारखी साधने चित्र थेट पिक्सेलमध्ये घडवत नाहीत. ती आधी प्रत्येक बाजूने आठपट लहान अशा सांकेतिक रूपात काम करतात आणि शेवटी त्याचे चित्र उलगडतात. म्हणजे 1024 पिक्सेलचे चित्र आत 128 घरांच्या जाळीवर तयार होते. कानाचे टोक चित्रात 40 पिक्सेलचे असेल, तर त्याच्या वाट्याला पाचच घरे येतात आणि त्यातली खाच दाखवायला एखाददुसरेच घर उरते. एवढ्याशा जागेत तो बारकावा टिकत नाही. तिसरे कारण डाव्या-उजव्याचा घोळ हे आहे. मांजर समोर पाहत असेल, तर तिचा डावा कान चित्रात आपल्या उजव्या हाताला येतो. तेव्हा सूचनेत ‘डावा कान’ असे न लिहिता ‘चित्राच्या उजव्या बाजूचा कान’ असे लिहिणे बरे. तरीही बाजू पाळली जाईलच, याची खात्री धरू नका.

फोटोवरून चित्र करताना मूळ फोटोपासून किती दूर जायचे हे ठरवणारा एक आकडा बऱ्याच साधनांत असतो. तो 0.3 ते 0.4 च्या आसपास ठेवला, तर चेहऱ्याची ठेवण, पट्ट्यांची दिशा आणि डोळ्यांमधले अंतर बरेचसे टिकते, 0.7 च्या पुढे गेलात की दुसरीच मांजर समोर येते. जलरंगाचा परिणाम पुरेसा वाटत नाही म्हणून अनेक जण हा आकडा वाढवत नेतात आणि साम्य गमावून बसतात. त्यापेक्षा साम्य टिकलेले चित्र आधी पदरात पाडून घ्यावे आणि कागदाचा पोत, रंगांचे ओघळ व पार्श्वभूमी वेगळ्या लेयरवर (चित्राच्या स्वतंत्र थरावर) वाढवावी.

कान मात्र हातानेच करा, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रिता किंवा गिंप यांपैकी कोणतेही मोफत सॉफ्टवेअर घ्या, मूळ फोटो अर्धपारदर्शक करून वरच्या लेयरवर ठेवा आणि खाचेची रेघ फोटोवरून गिरवा. मग त्या रेघेपलीकडचा कानाचा तुकडा पार्श्वभूमीच्या रंगाने भरून टाका. खाचेची आतली कड कानाच्या बाकीच्या कडेपेक्षा किंचित गडद ठेवा, कारण तिथे केस विरळ असतात आणि खालची त्वचा दिसते. कानाचाच भाग निवडून तेवढाच एआयकडून पुन्हा काढून घेण्याचीही सोय असते. पण जी खूण बहिणीला रोज दिसते, तिची आकृती यंत्राच्या अंदाजावर का सोडावी? तुमच्याकडे फोटो आहे. खाच त्रिकोणी आहे की वाकडी, हे तो फोटोच सांगतो.

अपस्केल करण्यापूर्वी हे काम उरकू नका. आधी चित्र मोठे करा आणि मग कान दुरुस्त करा. मोठे करणारी एआय साधनेही नसलेला तपशील अंदाजाने भरतात, त्यामुळे हाताने केलेली खाच त्यांच्या तावडीतून बोथट होऊन बाहेर येऊ शकते.

मात्रावेलांटी

नावासाठी एआयचा नादच सोडून द्या. चित्र मागताना ‘कुठेही अक्षरे नकोत, खालचा एक पंचमांश भाग मोकळा ठेवा’ अशी जागा राखून घ्या आणि नाव नंतर स्वतंत्रपणे बसवा. काही नवी साधने रोमन अक्षरे पुष्कळ बरी काढतात. पण ‘स्वच्छंदी’ या एकाच शब्दात स आणि व यांची जोडणी आहे, च आणि छ यांची आहे, वर अनुस्वार आहे आणि शेवटी दीर्घ वेलांटी आहे. यांतले एक जरी घसरले, तरी भेटवस्तूवर कायमची चूक छापली जाईल.

इंकस्केप या रेखाकृतींच्या सॉफ्टवेअरमध्ये मुक्त, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा युनिकोड फाँट घेऊन नाव टाइप करा. अक्षरे मनासारखी बसली की त्यांचे रूपांतर रेखाकृतीत करून मगच फाइल पाठवा. हा टप्पा गाळू नका. छपाई करणाऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसेल किंवा त्याच्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी जमत नसेल, तर तुमच्याकडे अचूक दिसणारे ‘स्वच्छंदी’ तिथे पाय मोडलेल्या अक्षरांचे होते. वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. रेखाकृती केल्यावर तो मजकूर उरत नाही, फक्त आकार उरतो, त्यामुळे बिघडायला काही राहत नाही. अर्थात त्यानंतर शुद्धलेखन बदलता येत नाही, म्हणून टाइप केलेली प्रतही जपून ठेवा.

फार बारीक वळणांचा फाँट टाळा. अनुस्वाराचा ठिपका आणि शिरोरेषा यांच्यातली फट इतक्या लहान आकारात शाईने भरून जाऊ शकते. शाईवाला यांनी सुचवलेल्या कागदी प्रतीवर ती फट दिसते का, हे मुद्दाम तपासा.

पाऊलखूण

तिघांचेही मनापासून आभार. टेम्प्लेट मागून घेतले आणि कागदावर छापून पाहिले, तेव्हा कॅमेऱ्याची खाच नेमकी मांजरीच्या कपाळावर आली. त्यामुळे चेहरा खाली आणि थोडा उजवीकडे सरकवला आहे. तुटका कान उजव्या बाजूला असल्याने तो आता पूर्ण मोकळा दिसतो. आता दोन शंका उरल्या आहेत. कव्हर पारदर्शक घ्यावे की पांढरे? आणि पार्श्वभूमीचा फिरोजी रंग पडद्यावर अतिशय तजेलदार दिसतो, तसाच तो छापला जाईल का?

शाईवाला

जलरंगासाठी पांढरेच घ्या. कारण असे की, पारदर्शक कव्हरावर छापलेल्या रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर नसेल, तर रंग फिके पडतात आणि फोनचा मूळ रंग त्यांतून डोकावतो. पांढरा थर दिला, तर त्याला मात्र ठाम कड असते. जलरंगाची शोभा त्याच्या विरत जाणाऱ्या कडांत आहे. त्या विरत्या रंगाखालून पांढऱ्या थराची कड दिसू लागली, की सगळे चित्र चिकटवलेल्या स्टिकरासारखे वाटते. ठळक बाह्यरेषेचे, सपाट रंगांचे चित्र असते, तर मी पारदर्शक कव्हर आनंदाने सुचवले असते. त्यातून टीपीयू या लवचीक प्लास्टिकची मऊ पारदर्शक कव्हरे ऊन आणि उष्णता यांनी कालांतराने पिवळी पडतात आणि तो पिवळेपणा चित्रातल्या प्रत्येक फिक्या रंगात उतरतो.

छपाई कोणत्या पद्धतीची आहे, तेही विचारा. यूव्ही छपाईत शाई पृष्ठभागावर राहते आणि अतिनील प्रकाशाने तिथेच वाळते. बोट फिरवले तर तिचा हलका उठाव जाणवतो. सब्लिमेशनमध्ये रंग साधारण 180 ते 200 अंश सेल्सियस तापमानाला वायुरूप होऊन पृष्ठभागावरच्या पॉलिएस्टरच्या लेपात शिरतो, त्यामुळे तो सहज खरवडला जात नाही. मात्र सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसते. चित्रातली पांढरी जागा म्हणजे खालच्या कव्हराचाच रंग, आणि मिशा पांढऱ्या दिसायच्या असतील, तर कव्हर पांढरेच हवे.

फिरोजी रंगाबद्दल मात्र आशा थोडी आवरती घ्या. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग घडवतो, तर छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. पडद्यावरचे कित्येक झळाळते निळे-हिरवे रंग शाईच्या आवाक्याबाहेरचे असतात आणि छापताना मंदावतात. छपाई करणाऱ्याकडून त्यांच्या यंत्राचे रंग-प्रोफाइल (ते यंत्र रंग कसे छापते, हे सांगणारी फाइल) मिळाले, तर क्रितामध्ये छपाईचा पूर्वदेखावा पाहता येतो; मंदावलेला फिरोजी तिथे आवडला नाही, तर आत्ताच तो थोडा हिरवट किंवा थोडा फिका करा. सीएमवायके, म्हणजे या चार शाईंच्या रंगपद्धतीतली, फाइल मागितलेली नसेल, तर स्वतःहून रूपांतर करू नका. एसआरजीबी या पडद्याच्या रंगपद्धतीतली पीएनजी फाइल द्या, म्हणजे एकच रूपांतर होईल आणि ते त्यांच्या यंत्राला साजेसे होईल.

पार्श्वभूमीपेक्षा मला काळजी तपकिरी पट्ट्यांची वाटते. पडदा स्वतः प्रकाशतो, कव्हर प्रकाशत नाही. त्यामुळे गडद तपकिरी आणि त्याहून गडद तपकिरी यांतला फरक छापल्यावर कमी होतो आणि पट्टे एकमेकांत मिसळतात. मधल्या छटा थोड्या उजळ करा आणि पडद्याची प्रखरता निम्म्यावर आणून पट्टे मोजता येतात का, ते पाहा.

रेघोट्या

पट्ट्यांविषयी एक सूचना जोडते. सगळे चित्र एकसारखे उजळू नका, नाही तर जलरंगाचा फिका भाग पुसला जाईल. मांजरीचा लेयर वेगळा असेलच; उजळणी फक्त त्यावर करा आणि डोळ्यांच्या बाहुल्या, नाकपुड्या व कानाच्या खाचेची कड यांना त्यातून वगळा, कारण चेहऱ्याला धार देणारा गडदपणा तिथूनच येतो.

मात्रावेलांटी

नाव फिरोजी रंगावर येणार असेल, तर ते पांढऱ्यात न ठेवता मांजरीच्या सर्वांत गडद पट्ट्याच्या रंगात ठेवून पाहा. गडद शाईत पांढरी अक्षरे राखली, की भोवतीची शाई आत सरकून ती बारीक होतात. फिक्या रंगावरची गडद अक्षरे मात्र नीट टिकतात.